आवाज कुठून येते?

"मामाजी, डोळे मिटा. आवाज ज्या बाजूनं येईन, तिकडं बोट दाखवा," असं म्हणून जीवनने रिमोटचं बटण दाबलं.

नत्थुजींनी जावयाचं ऐकून डोळे मिटले. नव्या घराच्या हॉलमध्ये, बरोबर मधोमध, ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मोर्शीकडच्या मळ्यात शेवंती पिकवणारा हा माणूस सकाळीच टेम्पोभर फुलं घेऊन अमरावतीला लेकीच्या, वर्षालीच्या, वास्तूला आला होता. पूजा झाली, पंगती उठल्या, पाहुणे पांगले. घरात उरली तीन माणसं आणि पाच स्पीकर. सोफा अजून यायचा होता, पडदेही यायचे होते. पण होम थिएटर मात्र पूजेच्या आधीच आलं होतं. हौसेला मोल नसतं, हे वर्षालीला मान्य होतं. फक्त पाहुण्याला बसायला काहीतरी असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तिचं लक्ष स्पीकरकडे नव्हतंच. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं आणि तिचा जीव खालीवर होत होता. त्यांच्या घराण्यात बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. जेवतो, पाणी पितो आणि दिवस बुडायच्या आत उठतो. आजोबांनी हे पाळलं, काकांनी पाळलं. आताही थोड्या वेळाने बाबा टोपी सारखी करून उठणार आणि मळ्यातल्या खोलीत एकटेच जाऊन पडणार, हे तिला दिसत होतं.

विचारलं नव्हतं असं नाही. आई गेली त्या वर्षी दसऱ्याची फुलं घेऊन बापलेक याच टेम्पोतून अमरावतीला येत होते. प्लॉट नुकताच घेतला होता. घर झाल्यावर आमच्याकडे राहायला याल का, असं तिने सगळा धीर एकवटून विचारलं. बाबांनी मानसुद्धा वळवली नाही. समोर बघत टेम्पो चालवत राहिले आणि पुढच्या टपरीवर चहा घेऊ म्हणाले. वर्षाली काय समजायचं ते समजली. पुन्हा विचारून बापाच्या तोंडून नकार काढायचं तिच्या जिवावर आलं. तरी घर बांधताना खाली एक खोली तिने जास्तीची काढलीच. कोणी विचारलं तर सामानाची खोली म्हणून सांगायची.

उजव्या स्पीकरमधून खरखर आली. नत्थुजींनी उजवीकडे बोट केलं. मग डाव्यातून आली. त्यांनी पुन्हा उजवीकडेच बोट केलं.

वायर उलटी लागली म्हणत जीवन गुडघ्यावर टेकला. लाल काढली, काळी लावली, परत होती तशी केली, कपाळाला धूळ माखून घेतली. मग मागचा डावा स्पीकर वाजवला. बोट उजवीकडे. आता मात्र त्याने अकोल्याच्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याचं ते तोंड बघून वर्षालीला हसू फुटलं. तिने बाबांना उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसून पाहिलं. डावा आवाज डावीकडून आला, मागचा मागून. यंत्र अगदी धड होतं.

तिचं हसू थांबलं. बाबांना पुन्हा खुर्चीत बसवून तिने डोळे मिटायला सांगितलं. ती त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा."

नत्थुजींनी उजवीकडे मान वळवली. तिथे कोणीच नव्हतं. त्यांनी डोळे उघडले आणि चोरी पकडल्यासारखे हसले.

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. आईच्या आजारपणात त्यांचा डावा कान फुटला होता. दवाखान्याच्या खेपा तिच्यासाठी चालल्या होत्या, त्यात आपलं कुठे दाखवायचं. पुढे ठणका थांबला, म्हणून तेही विसरले. अडत काही नव्हतं. घरात एका कानावर भागतं, बाजारात माणसाच्या तोंडाकडे बघून भाव समजतो. गाडीत तेवढं काही कळत नाही. उजव्या कानाशी खिडकी, सगळा वारा आणि हॉर्न तिथेच भरतो.

गाडीत डाव्या बाजूला ती बसली होती. इतकी वर्षं जो नकार तिने मनात धरून ठेवला, तो बाबांनी कधी दिलाच नव्हता. वर्षालीला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच. दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं आपल्याला?

तिने जीवनला आवाज बंद करायला लावला. बाबांच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबा, आता मळ्यात एकटे नका राहू. इथंच राहा आमच्यापाशी. कायमचे."

नत्थुजी खिडकीबाहेर उभ्या टेम्पोकडे बघत राहिले. या वेळी त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि म्हणूनच वर्षालीला जास्त भीती वाटली.

"आपल्यात बाप लेकीच्या घरी राहत नाई," ते म्हणाले.

वर्षालीने मान खाली घातली. जीवन उगाच वायर गुंडाळू लागला.

"जवाईबापू, ते राहू द्या. टेम्पोत फुलाच्या पाट्यांखाली माही कपड्याची पेटी हाये, तेवढी घेऊन या," नत्थुजी म्हणाले. "कोनी राहा म्हनलं तर असावी, म्हून सकाळीच टाकून आनली."