नखाएवढा बेडूक आणि गवा

गेल्या पावसाळ्यात फोनवर आलेला बेडकांचा इशारा मृण्मयीने हसण्यावारी नेला, आणि दरडीने रिकामा गोठा गिळला. वाडीची रीतच होती: गळ्यात हालचाल टिपणारे पट्टे बांधलेले रानगवे हलले, तरच घर सोडायचं. नखाएवढ्या बेडकांच्या पाठीवर चिकटवलेल्या, फोनला खबर देणाऱ्या टिकल्यांना कोण विचारतो!

आज फोन पुन्हा ओरडला, "बेडूक डोंगर सोडताहेत."

"अगं, हजार किलोचा गवा निवांत चरतोय," सासरे म्हणाले, "आणि तू बेडकाचं ऐकतेस?"

"गव्याला जमीन हलल्यावर कळतं, बाबा. बेडकाला त्याआधी. चपला राहू द्या!"

बाळाला कडेवर घेऊन, दारं बडवत तिने सगळी वाडी पलीकडच्या माळावर नेली. मागे डोंगर कोसळला, तेव्हा कुठे गवे उधळले. माळावर मात्र माणूस न् माणूस शाबूत होतं.

मृण्मयीने लगेच खालच्या गावांना कळवलं, "डोंगर कोसळलाय, पण आम्ही सगळे वाचलो! आता तुम्हीही निघा. तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर आधी त्यांना बघून या."