दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत

पट्टी चिखलाने माखली होती. डॉ. नीतू पटले यांनी हातमोजे घातले, पट्टीकडे पाहिलं आणि हातमोजे काढून टेबलावर टाकले.

"आजी, पाय पाण्यात घालायचा नाही, हे किती वेळा सांगितलं मी?"

जमुनाबाई बोटांवर मोजायला लागली.

मोजून झाल्यावर म्हणाली, आपण भाताच्या बांधीत उतरलोच नाही. रोवणी सुरू आहे, बाया रोवतात, आपण नुसते कडेच्या बांधावर, धुऱ्यावर बसलो होतो. चिखल घोट्याच्या वर गेला होता. साखर तीनशेच्या खाली यायला तयार नव्हती. उन्हाळ्यात पायाचं एक बोट कापावं लागलं होतं, आता जखम तळव्याकडे सरकत होती. या वेळी एका बोटावर भागणार नव्हतं.

मागच्या सोमवारीच नीतूने हात टेकले होते. आमगावच्या वकिलांनी सांगितलं, नव्या पेशंटला नाही म्हणता येतं, हाती घेतलेला असा मधेच सोडता येत नाही. सोडायचाच तर लेखी कळवा, कागदपत्रं द्या आणि दुसरी सोय होईपर्यंत तुम्हीच उपचार करा. नीतूने तसंच लिहिलं, गोंदियाच्या सर्जनचं नाव घातलं, सही-शिक्का करून कागद जमुनाबाईच्या हातात दिला. तिने तो कपाळाला लावला होता.

"गोंदियाला जाऊन आलात?"

नव्हती गेली. डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे गोळ्याच, म्हणून ती थेट मेडिकलमध्ये गेली होती. दुकानदार खेमराजने वाचून सांगितलं, यावर एकही गोळी नाही. मग काय आहे, ते तिने त्याच्याकडून सगळं वाचून घेतलं. शेवटची ओळ दोनदा.

तिने कमरेला खोचलेली साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी काढली. चार घड्या उलगडल्या. आतली चिठ्ठी दिली तशीच होती, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. ती टेबलावर पसरून जमुनाबाईने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षर येत नव्हतं, जागा पाठ होती.

'दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत आपल्या उपचाराची जबाबदारी माझी राहील.'

"मंग मी दुसरा पाहूनच नाही राहिली," जमुनाबाई म्हणाली.

नीतूने डोळे मिटले, उघडले. जमुनाबाई समोर होतीच.

"या कागदाला पिशवीत ठेवता येतं, आजी. पायाला नाही?"

"पायाची जबाबदारी तुही लिवली हाये ना बाई. चिठ्ठीची माही."

नीतूने स्टूल ओढलं, कात्री घेतली. पट्टी कापली, चिखल धुतला, जखम खोलवर साफ केली. जमुनाबाई एकदाही कण्हली नाही. तिला पायात काही जाणवतच नव्हतं, आणि नीतूला भीती त्याचीच होती.

नवी पट्टी बांधून झाली. नीतूने ती प्लास्टिकची पिशवी उचलली, पायावर चढवली, वर सैल गाठ मारली. रोवणी संपेपर्यंत धुऱ्यावरही बसायचं नाही, आणि उद्या सकाळी परत यायचं, असं बजावलं.

जमुनाबाईचं पायाकडे लक्षच नव्हतं. ती टेबलावरच्या उघड्या कागदाकडे बघत होती.

"आन् चिठ्ठी आता कायच्यात ठेवू?"