लाल चिंधीची टोपली

अध्यापक विद्यालयात 'तंत्रज्ञानाचा जबाबदार वापर' या प्रकरणात मला वीसपैकी अठरा गुण होते. सराव पाठाला जंगलालगतच्या शाळेत दुसरीचा वर्ग मिळाला, धडा वाघाचा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा वाघाचा जुना व्हिडिओ मी वर्गातल्या टीव्हीवर लावला. आधी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. वाघ वाट ओलांडून झुडपात गेला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मोहाच्या झाडाखाली उपडी पडलेली टोपली दिसली, फुलं सांडलेली. पहिल्या रांगेतली जया उभी राहिली. "बाई, थे टोपली माह्या मायची हाये. लाल चिंधी मीनंच बांधली होती." गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचणाऱ्या बाईला वाघानं नेल्याची बातमी मीही पुढे पाठवली होती. तिला लेक असेल, हे मनात आलं नव्हतं. माझा हात रिमोटकडे गेला. जयानं तो धरला. "बंद नोका करू, बाई. टोपली घ्याले माय येतेच आता."