मंडीच्या चौकातल्या चुन्याच्या रेघा

"वाकडी गेली, साहेब. पुसा अन् फेरून मारा."

देवीदासनं मान वर केली. मनकर्णाबाई टोपल्यांमागं पाटावर बसली होती, उजवा पाय लांब करून. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. हातातली मुळ्याची जुडी तिनं थेट रेघेवर रोखली होती.

"दोन बोटं त गेली, मावशी."

"दोन बोटांनंच टांगा अंगावर येते."

देवीदासनं चुन्याची रेघ पायानं फिसकटली आणि सुतळी पुन्हा ताणली.

अमरावतीच्या भाजीमंडीसमोरचा हा चौक म्हणजे रोजचा कल्ला. कापसाच्या गाड्या, टांगे, सायकली आणि आता अकोल्याकडे धावणाऱ्या मोटारी. जो तो आपल्याच मतानं घुसायचा. आठ दिवसांत मात्र चौकाचं रूप पालटू लागलं होतं, आणि ते पालटणारा खाकी सदऱ्यातला देवीदास म्युनिसिपालटीचा ओव्हरसियर आहे, याबद्दल मंडीत कुणाला शंका नव्हती.

शंका फक्त देवीदासला होती, कारण तो ओव्हरसियर नव्हताच. तो बाळापूरचा मोटार ड्रायव्हर होता.

दीड महिन्यापूर्वी सरकीची पोती भरलेली लॉरी घेऊन तो याच चौकातून चालला होता. समोर टांगा आडवा आला. त्यानं चाक गरकन फिरवलं, तोच बाजूनं किंकाळी उठली. वाकून पाहिलं तर रस्त्यावर वांगी घरंगळत होती आणि एक बाई आडवी पडली होती. "मारा! मारा त्याले!" लोक काठ्या घेऊन धावले. त्यानं लॉरी पळवली ती अकोल्यातच थांबवली. उतरून मडगार्डावर हात फिरवला. साधा ओरखडाही नव्हता. पण मनावर उठला तो उठलाच. पुढं एका टांगेवाल्याकडून कळलं, मंडीतल्या मनकर्णाबाईचा पाय मोडला. त्या दिवसापासून त्याचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी त्यानं नोकरी सोडली आणि माफी मागायला अमरावती गाठली.

तिच्यासमोर उभा राहिला. नुसताच कधी पायाकडे, कधी चौकाकडे पाहत राहिला. मनकर्णाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"रस्ता पाह्याले आले काय, साहेब? बरं झालं. किती अर्ज देल्ले आमी!"

"हो," त्याच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पैशानं मोजायची फीत आणि चुना घेऊन हजर झाला.

माप त्याचं, पण अक्कल मनकर्णाबाईची. वीस वर्षं एका जागी बसून तिनं चौकातलं प्रत्येक चाक पाहिलं होतं. टांग्यांचा अड्डा कोपऱ्यावरून उठवून विहिरीपलीकडे न्या, म्हणजे वळणावर समोरचं दिसेल. गाड्या जातील त्या एका अंगानं, येतील त्या दुसऱ्या अंगानं. भाजीवाल्या बायांनी चार हात मागं सरायचं आणि पुढं चुना फासलेल्या दगडांची ओळ. सगळ्यांत नामी युक्ती तिनं शेवटी काढली. "चौकाच्या मधात डांबराचा रिकामा ड्रम ठेवा, दगडं भरून. कोनी सरळ गेलाच नाई पायजे."

नत्थुजी टांगेवाला अड्डा हलवायला तयार होईना. "माह्या बापापासून येथंच उभा राह्यतो मी!"

"सरकारी हुकूम हाये!" मनकर्णाबाई कडाडली. "साहेबाच्या तोंडाले लागतं?"

नत्थुजीनं निमूट लगाम ओढला. साहेबाला मात्र दरदरून घाम फुटला.

पायाचा विषय निघाला की देवीदास बालदी उचलून दुसऱ्या टोकाला जायचा. दुपारी ती त्याला भाकर आणि ठेचा द्यायची. तो खाली मान घालून खायचा.

रिद्धपूरच्या यात्रेचा दिवस आला. गाड्यांमागं गाड्या लागल्या. मंडीनं श्वास रोखून धरला. पण गाड्या ड्रमाला वळसा घालत शिस्तीत निघून गेल्या. एका गाडीवानानं तर हौसेनं तीन वळसे घातले. संध्याकाळपर्यंत कुणाला साधं खरचटलं नाही.

आणि नेमका तेव्हाच खरा ओव्हरसियर सायकलवरून उतरला. जानराव त्याचं नाव.

"हे कोनाच्या हुकुमानं केलं?"

देवीदासनं चुन्याची बालदी पाठीमागं लपवली. आता जेल.

"माह्या," मनकर्णाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "अन् हा माह्या बहिणीचा पोरगा. मले मदत करून राह्यला. काही म्हणणं हाये?"

जानराव घड्याळ काढून अर्धा तास नुसता पाहत उभा राहिला. मग त्यानं टोपी मागं सारली. "म्हणणं काय असनार, बाई? ड्रमाच्या जागी पक्का ओटा बांधाले सांगतो."

मंडीत एकच जल्लोष झाला. नत्थुजीनं सगळ्यांना चहा पाजला.

गर्दी पांगल्यावर देवीदासनं मनकर्णाबाईच्या पायाशी डोकं टेकवलं. आता राहवत नव्हतं.

"मावशी, मी ओव्हरसियर नाई. तुमचा पाय मोडला ती लॉरी मीच चालवत होतो."

"मले मालूम हाये. त्या दिवशी लॉरीतून वाकून पाह्यलं तू. पांढरं फटक तोंड होतं तुहं. आला त्याच दिवशी वळखलं."

"मंग पोलिसात काहून नाई देल्लं?"

मनकर्णाबाईनं त्याला हाताला धरून उठवलं. तिच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"पोलिसाले सांगू काय, बाबू? तुही लॉरी त दोन हात दुरून गेली. मले ढुशी मारली, ते मंडीतल्या मोकाट सांडानं!"