गेटवरची ओळखपरेड

कंपनीतल्या आगीनंतर कित्येक महिन्यांनी इंद्रजीत घरी परतला, तरी पाच वर्षांची लेक प्रियदर्शिनी त्यालाच सांगायची, "पप्पा दवाखान्यात आहेत."

म्हणून तो मायलेकींना मनोरजवळच्या वॉटर पार्कला घेऊन आला. आगीच्या आधी काढलेला वर्षाचा पास होता. गेटवरचा कॅमेरा चेहरा ओळखून नाव पुकारायचा. गेल्या खेपेला पप्पांचं नाव ऐकून लेक तिथेच नाचली होती.

भाजलेला चेहरा बघून वॉचमन ओशाळला. "राहू द्या दादा, कॅमेरा नाय ओळखायचा. असंच जावा आत."

"नको. तिच्यासमोर ओळखू दे."

कॅमेऱ्याने सरकारी कारकुनासारखा निवांत वेळ घेतला. मग हिरवा दिवा लागला. "स्वागत आहे, इंद्रजीत."

आईच्या ओढणीआडून प्रियदर्शिनी वॉचमनला हळूच म्हणाली,



"काका, तुमचं मशीन बिघडलंय."