हार्लोसाहेबाची लागवड

"सायेब, पांगाऱ्याच्या वल्या मेढी हायत. पावसात फुटत्याल," धाकलू धनगर म्हणाला.

"मूर्खा, कुंपणाच्या खांबाला कधी पानं फुटतात का?" असं म्हणून हार्लोसाहेबानं गावच्या म्हशी चरायची अख्खी दरी कुंपणात घेतली. सरकारची अट साधी होती: तीन वर्षांत जेवढ्या जमिनीवर लागवड जगेल तेवढी साहेबाची, उरलेली गावाला परत.

साहेबानं विलायतेहून ओटचं बियाणं आणलं, सफरचंदाची रोपं आणली. घाटातल्या पावसानं दोन्ही पुरवून पुरवून कुजवली.

तिसऱ्या उन्हाळ्यात कलेक्टर पाहणीला आला. आत नुसतं गवत, कुंपण मात्र लालभडक फुललेलं.

"ही झाडं कुणी लावली?"

साहेब छाती काढून म्हणाला, "एकूणएक मीच!"

कलेक्टर काटेकोर माणूस. त्यानं लिहिलं: साहेबाची जमीन, लांबी दोन मैल, रुंदी एक हात. आतली सगळी दरी गावाची.

दुसऱ्या सकाळी धाकलू म्हशी घेऊन फाटकाशी आला. आत बंगल्याच्या ओसरीवर साहेब चहा पीत होता.

"सायेब, तुमच्या शेतातनं म्हशी जाऊ द्या," धाकलू अदबीनं म्हणाला, "मंग तुमी आमच्या गायरानात खुशाल ऱ्हावा."