त्यांची भाकरी

संपानंतर नवऱ्याची गिरणी उघडलीच नाही, तेव्हा लालबागच्या मालनने भाकऱ्या थापून घर चालवलं. पुढे आमवाताने तिची बोटं आखडली. दोन औषधं वाया गेली. परळच्या डॉक्टरीणबाईंनी मग रक्त तपासलं. "मावशी, रक्तातल्या प्रतिपिंडांवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांवर, साखरेच्या रेणूंची नक्षी असते. तुमची नक्षी सांगते, तिसरं औषध लागू पडेल." "नक्षी वाचूक कोणी शिकवल्यान?" "तीनशे पेशंटांच्या रक्ताने. निम्म्यांना हे औषध लागू पडलंच नाही, म्हणून दोघांच्या नक्षीतला फरक कळला." तिसरं औषध घेऊन तीन महिन्यांनी मालनने पुन्हा भाकरी थापली. नातीने हात पुढे केला. "थांब गो, ही त्यांची." "कुणाची, आजी?" "ज्यांका गुण येवक नाय, त्यांची. त्यांच्यामुळेच माझे हात सुटले." भाकरी फडक्यात बांधून ती परळला गेली. दवाखान्याच्या बाकावरच्या अनोळखी बाईपुढे फडकं सोडलं. बाईच्या वाकड्या बोटांनी भाकरी मोडेना. मालनने घास मोडून दिला.